हेदवीच्या शेडवरचे पत्रे

श्री. सरनोबत, माजी तुरुंगाधिकारी, यांस,

अ‍ॅस्बेस्टॉस हे मोठे विलक्षण खनिज आहे. अखंड पत्रा फारसा त्रास देत नाही. मात्र तो फोडला वा कापला की केसाहून बारीक तंतू उडतात, फुफ्फुसात रुततात आणि वीस-तीस वर्षांनी जीव घेतात. माझा भाऊ विनीत असाच गेला. तो तुमच्या तुरुंगात कैदी असताना तिथले जुने छप्पर त्याच्याकडून उतरवून घेताना तुम्ही म्हणाला होतात, "तोंडाला रुमाल कसला मागतोस रे, नवरी आहेस काय?"

आम्ही लावलेल्या भरपाईच्या दाव्यात तुम्ही शपथेवर सांगितलेत की अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे तुरुंगावर नव्हतेच. दावा फेटाळला गेला.

काल हेदवीत तुम्ही शेडवरचे पत्रे करवतीने कापताना दिसलात. मला तुम्ही ओळखले नाहीत. उलट अभिमानाने म्हणालात, "जेलचा माल आहे बाई, चार पिढ्या टिकेल."

आधी पाणी मारावे, करवत लावू नये, मुखपट्टी बांधावी, हे कळवण्यासाठी पत्र लिहायला घेतले. परंतु जे पत्रे नव्हतेच, त्यांच्यापासून तुम्हाला सावध करणे म्हणजे न्यायालयाच्या निकालावर अविश्वास दाखवणे होय. तुम्ही तिथे एकटेच राहता, ती धूळ दुसऱ्या कोणाच्या छातीत जाणार नाही, याची मी चौकशी करून खात्री केली आहे. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. सावकाश कापा.

विनीतची बहीण,
रेणुका तांबे
निवृत्त विज्ञान शिक्षिका, केळशी