काळ्या मेंढ्यातल्या दोन खोल्या

३ ऑगस्ट १९७८, गुरुवार

फोनवर तळहात दाबून धरला आणि वळून विचारलं, "खोल्या एक की दोन?"

हॉकडे माझ्या पियानोत डोकं घालून बसले होते. सूर लावत. डोकं बाहेर आलं नाही. "मला काय, काहीही चालेल," आतून आवाज. "तुम्ही म्हणाल तसं."

फोनवर मालकीणबाई वाट बघत होत्या. "बाई, ऑगस्टअखेरचा बँक हॉलिडे, जोडून सुट्टी आहे. लोक फेब्रुवारीत फोन करतात. दोनच उरल्यात, त्याही कुणाचा तरी पाय मोडला म्हणून."

"दोन," मी म्हणाले. एक माझ्या नावावर, एक सिरिल हॉकडेंच्या.

आतून एक तार वाजली. मग तीच तार पुन्हा. बराच वेळ तीच.

शनिवार, रविवार, सोमवार. श्रॉपशरच्या टेकड्या. 'काळा मेंढा' — खाली पब, वर खोल्या. मी एका पुरुषाबरोबर सुट्टीवर चालले आहे. वाक्य लिहून पाहिलं. व्याकरणात चूक नाही.

४ ऑगस्ट

"मला काय, काहीही चालेल." आपल्या इंग्लंडात याचे अर्थ: हो. नाही. देवा, नको. देवा, तुम्हीच हो म्हणा. तीस वर्षं मुलींना कविता शिकवते, ओळीच्या आतलं वाचा म्हणते. ही एक ओळ लागत नाही.

९ ऑगस्ट, बुधवार

चालायचे बूट घेतले. मऊ करायचे म्हणून घालून जिना चढले-उतरले, चाळीस वेळा. शेजारच्यांनी भिंत ठोकली. तरी आणखी दहा वेळा.

डिलिस पाठपिशवी द्यायला आली. शाळेत भूगोल शिकवते; कुणी कुठेही निघालं की आधी तिला कळतं.

"तुमचा तो पियानोवाला," म्हणाली, "चालतो का तरी? मी त्याला फक्त वाकलेला पाहिलाय."

"चालतात."

"आणि खोल्या?"

"दोन."

"एनिड," ती म्हणाली. एवढंच. पण वर्गात मुलीने राजधानी चुकवल्यावर म्हणते तसं.

१३ ऑगस्ट, रविवार

हॉकडे चहाला. बायको गेली त्याला पाच वर्षं झाली. माझ्याकडे रविवारी येतात त्याला आठ महिने. आज केक बाजूला सारून नकाशा पसरला. त्यांनी खिशातून पियानोची तार काढली, पायवाटेवर वळणावळणाने बसवली, मग सरळ करून पट्टीला लावली.

"साडेनऊ मैल. गाभण गाईसारखे चाललो तर सहा तास."

"आणि माणसांसारखे?"

"तुमच्या बुटांवर आहे."

खूप हसलो. गोष्ट तेवढी विनोदी नव्हती. मग यादी: सँडविच (काकडी, अंडं नको, वास येतो), थर्मास, मेणकापडी कोट दोन. पाऊस येणार हे दोघांनी आनंदाने मान्य केलं. ऊन पडलं तर काय करायचं ते ठरलं नाही.

१४ ऑगस्ट

रात्रीचा पायघोळ झगा घेतला. निळा. दुकानातली मुलगी म्हणाली, "आईसाठी का?" मी हो म्हणाले.

२० ऑगस्ट, रविवार

सहा दिवस उरले. आज भांडी विसळताना — मी विसळत, ते पुसत — अचानक म्हणाले, "गंमत बघा. पाच वर्षं झाली, पण मी अजून पलंगाच्या एकाच कडेला झोपतो. उरलेली जागा तशीच पडून."

बशी पुसून झाली होती. तरी पुसत राहिले.

मी काय म्हणाले? "त्या कपाटात ठेवा, वरच्या फळीवर."

चोपन्न वर्षांत माझ्या खोलीत दुसरं कुणी झोपलेलं नाही. एक मांजर सोडून, आणि तेही आपण होऊन गेलं. मला त्यांची ती उरलेली जागा हवी आहे. इथे लिहिता येतं. तोंडाने म्हणता येत नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार

केलं! काळ्या मेंढ्याला फोन लावला. माझी खोली सोडते म्हणाले.

"नक्की ना?" मालकीणबाई. "पाच जण टपलेत. मग रडत येऊ नका."

"नक्की."

आता एकच खोली. त्यांची. फोन ठेवून स्वयंपाकघरात एकटीच गिरकी घेतली, टेबलाचा कोपरा मांडीला लागला. काळंनिळं झालंय. आनंद आहे.

२२ ऑगस्ट

डिलिसला सांगावंच लागलं. पोटात राहीना.

"आणि त्याला काय सांगणार?"

"पोचल्यावर म्हणेन, खोलीचा काहीतरी घोटाळा झालाय. हॉटेलवाल्यांचा."

"म्हणजे त्या बिचाऱ्या बाईवर ढकलणार. आणि तो सभ्यपणे म्हणाला, मी मोटारीत झोपतो, तुम्ही घ्या खोली — मग?"

हे सुचलं नव्हतं. ते म्हणतील. अगदी असंच म्हणतील.

"बाई गं," डिलिस म्हणाली, "शंभरीला आलात दोघं मिळून. दोघं मिळून एक वाक्य तरी पुरं करा."

बेरीज चुकली तिची. एकशे बारा.

२४ ऑगस्ट, गुरुवार

बॅग भरली. काढली. पुन्हा भरली. झगा तळाशी. मग वर. मग तळाशी.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी काळ्या मेंढ्याला सहज फोन केला. हॉकडेंची खोली किती वाजता मिळेल, चारच्या आधी चालेल का.

"हॉकडे?" पानं उलटल्याचा आवाज. "त्यांनी परवाच सोडली, बाई. लगेच गेलीसुद्धा."

मी आभार मानले. दोनदा.

ते येत नाहीत.

रात्री

त्यांना फोन करून विचारायला हवं. कसं विचारायचं? येणार नसलेल्या माणसाला, का येत नाही, असं आपल्यात विचारत नाहीत. तो पत्र लिहितो, हवापाण्याबद्दल. बॅग रिकामी केली. काकड्या दोन आणल्या होत्या. एक खाल्ली.

२६ ऑगस्ट, शनिवार

नऊला बेल. दारात हॉकडे. टोपी, पाठीवर पिशवी, आणि अर्धी चड्डी. त्यांचे गुडघे मी पहिल्यांदा पाहिले. मी घरच्या सपाता घालून.

"तयार नाही तुम्ही?"

"तुम्ही खोली सोडलीत."

कान लाल झाले. मग मान. मला वाटलं, गुडघेही. "कळलं तर. तिथे पोचल्यावर सांगणार होतो. म्हणजे — घोटाळा झालाय असं म्हणणार होतो."

"कुणाचा?"

"हॉटेलवाल्यांचा." टोपी काढली. "तुमची खोली आहेच, असं धरून चाललो. फार आगाऊपणा झाला. तुम्ही सांगाल तर मी मोटारीत झोपतो."

जिन्याच्या पायरीवर बसले.

"माझी मी सोमवारीच सोडली," मी म्हणाले. "तुमची आहेच असं धरून."

रस्त्यावरून दूधवाल्याची गाडी गेली.

"म्हणजे आपल्याला खोली नाही," ते म्हणाले.

"नाही."

"एकही."

"एकही नाही. आणि आज सगळं श्रॉपशर भरलेलं असणार."

ते माझ्या शेजारी पायरीवर बसले. जिना अरुंद आहे. दोघं मावायला जवळच बसावं लागतं. आम्ही इतकं हसलो की शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. त्यांनी उलट ठोकली — हॉकडेंनी. सभ्य माणसाने!

मग डोळे पुसत मी विचारलं, "आता? जायचं की राहायचं?"

"मला काय, काही—"

"नाही. ते वाक्य नको. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

त्यांनी सांगितलं. तीन शब्दांत, समोरच्या दाराकडे बघत. इथे लिहीत नाही.

आता अकरा. बॅग तिसऱ्यांदा भरली. ते बाहेर मोटारीची काच पुसताहेत. पुसून झालेली आहे. कुठे झोपणार माहीत नाही. निघतो.

२७ ऑगस्ट, रविवार. सकाळ

सात दारं फिरलो. आठवं एका शेतावरचं. गोठ्यावरची खोली, एकच पलंग, अरुंद. पाऊस रात्रभर. सिरिल अजून झोपलाय. तोंड उघडं आहे त्याचं.

आत्ता शेतकरीणबाईंनी खालून हाक मारली — "मिसेस हॉकडे, अंडी तळलेली की उकडलेली?"

"उकडलेली," मी म्हणाले.