उरलेलं कवठ

आई,

आज वर्गात फळांचा फळा लावला. पुलापलीकडे, अकोट्याच्या आमच्या शाळेत बाकीच्या शिक्षिका हल्ली फोनवर चित्रं शोधून रंगीत छापून आणतात. स्ट्रॉबेरी, चेरी, किवी. फार नीटनेटके दिसतात त्यांचे फळे. मी मात्र अजून कात्री घेऊन बसते, दांडिया बाजारातल्या आपल्या स्वयंपाकघरात बसायचे तशी. रविवारी दुपारी स्टोव्हवर खळ शिजत असायची, तू पुठ्ठ्याचं झाड रंगवत असायचीस आणि मी तुझ्या पायाशी घोटीव कागदाचे आंबे, पेरू, सीताफळं कापायचे. एकाच झाडाला इतकी सगळी फळं कुठे लागतात, असं बाबा विचारायचे. तू मान वर न करता म्हणायचीस, "बडोद्यात."

तुझ्या वर्गात प्रत्येकाचं नाव एकेका फळावर असे. फळं टोपलीत ठेवलेली. सकाळी आलं की आपलं फळ आपण झाडावर टांगायचं, म्हणजे कोण आलं नाही ते टोपलीत बघून कळे. वर्षाच्या सुरुवातीला मुलं आपापलं फळ निवडत आणि आंब्यासाठी भांडणं होत. कवठ मात्र नेहमी उरे, कारण ते तू वह्यांच्या कव्हरांच्या खाकी कागदाचं करायचीस आणि ते दिसायचं बटाट्यासारखं. पहिलीपासून चौथीपर्यंत तूच माझी बाई होतीस, आणि दरवर्षी ते कवठ माझ्या वाट्याला आलं. "चालेल, बाई" म्हणून मी ते घ्यायचे. चौथीत एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, मला आंबा हवाय." वर्गात बाई म्हणायचं, एवढंच तू सुनावलंस. संध्याकाळी घरी मेथी निवडताना जरा हळू आवाजात म्हणालीस, "उरलेलं घरच्यांनी घ्यायचं असतं गं." दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं कवठ टांगलं. पण इतक्या मुलांमध्ये मी तुझी कोण, मला कधी निवडायला मिळणारच नाही का, हे मनात राहिलं ते राहिलंच. तू गेलीस तोवर विचारणं झालं नाही.

शेजारच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंची मुलगी यंदा माझ्या वर्गात आहे. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातला खाकरा हक्कानं उचलते. आज फळं वाटताना तिला मी सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. ठरवून नाही, आपोआपच. टोपलीत कवठ उरलं होतं. सवयीनं मीही एक कापतेच, त्याच खाकी कागदाचं. ते उचलून माझा हात तिच्याकडे गेलासुद्धा. तिनं एकदा झाडावरच्या आंब्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "चालशे, मिस."

तुझा हात माझ्याकडे कसा यायचा, ते मला तेव्हा कळलं. तू मला विसरत नव्हतीस. दुसऱ्यांच्या मुलांना नाही म्हणणं तुला जड जात असणार, माझ्यापाशी तो प्रश्नच नव्हता. पाहुण्यांना आमरस वाढून झाला की तू कोयींचं पातेलं घेऊन बसायचीस आणि मला शेजारी बोलवायचीस. घरचे म्हणजे आपण दोघी. मला ते पातेलं कधी कमीपणाचं वाटलं नाही. पण आई, चालेल म्हणणाऱ्या मुलीला ते चालतच असतं असं नाही.

मी कवठ परत घेतलं. पिवळ्या कागदाचा एक तुकडा उरला होता, त्याचा आंबा कापून त्यावर तिचं नाव घातलं. कवठावर 'मिस' लिहिलं आणि सगळ्यात खालच्या फांदीला टांगलं. मुलांना ती मोठीच गंमत वाटली. शाळा सुटेपर्यंत त्या कवठाकडे बोट दाखवत "मिसनुं कोठुं, मिसनुं कोठुं" चाललं होतं. आंबेवाली सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती.

हे पत्र तुला पोचवायला काही वाट नाही, आणि असती तरी पुढचं मी बहुतेक खोडलं असतं. त्या पिवळ्या तुकड्यात दोन आंबे बसत होते. मुलं गेल्यावर मी दुसराही कापला आणि त्यावर माझं घरचं नाव घातलं, तू हाक मारायचीस ते. फळ्यावर लावला नाही. या कागदाच्या घडीत ठेवलाय.