न वाचायचं पत्र

दुलुथ, १४ ऑक्टोबर

प्रिय कॉरा,

तुझ्या आईचा गुडघा आता कसा आहे? इकडे सरोवरावरून बोचरा वारा सुटलाय. आई रोज भोपळ्याचं काही ना काही करते आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. गुरुवारी मेडिकलच्या प्रवेशाची मुलाखत आहे, त्याची धास्ती असेल असं तिला वाटतं.

तसं नाही गं. फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय.

अर्जासोबतची आपली शिफारसपत्रं आपण कधीच वाचणार नाही, असं आपण दोघींनी लिहून दिलं होतं. ऑगस्टमध्ये रसायनशास्त्राच्या व्हॉर्टमन सरांनी माझं पत्र पाठवताना चुकून मलाही पाठवलं. मी वाचलं. आधी वाटलं, कुणाला कळलं तर अर्जच बाद होईल. मग दुसऱ्या परिच्छेदाशी आले आणि पाचावर धारण बसली. 'प्रयोगशाळेत एका मुलावर ॲसिड उडालं तेव्हा मेरिडिथने त्याचा हात वीस मिनिटं नळाखाली धरून ठेवला.'

हात तू धरला होतास. मी दाराबाहेर, जिन्याकडे पळाले होते. एकच टेबल, डोळ्यांवर गॉगल, अंगात पांढरे डगले. सरांना आपल्यातली कोणती कोण ते कळलंच नाही.

मला तीन ठिकाणांहून मुलाखतीची बोलावणी आली. शुक्रवारी गावी निघण्याआधी कॅन्टीनमध्ये तू म्हणालीस, "मला तर कुत्रंसुद्धा विचारत नाही," आणि हसलीस. मीही हसले. दोन महिने मी तोंड शिवून बसले, कॉरा. लाज वाटते मला.

आज सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला. तुझ्या पत्रात त्यांनी लिहिलंय, 'हुशार आहे, पण आणीबाणीत गांगरते.' आजच दुरुस्त करून सगळीकडे पाठवतो म्हणाले. तुला बोलावणी येतील, अजून वेळ गेलेली नाही.

मग त्यांनी माझं पत्र उघडलं. म्हणाले, "आता तुझ्याबद्दल काय लिहू, तूच सांग."

मी पिशवी उचलली आणि बाहेर आले. गुरुवारचीही भीती आहेच, पण त्याहून मोठी वेगळीच आहे. उद्या मी डॉक्टर झाले, समोर कुणीतरी भाजलेलं आलं आणि माझे पाय पुन्हा दाराकडे वळले तर? हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

खाली 'तुझी मैत्रीण' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,

मेरिडिथ