समुद्र उजव्या हाताला

शुक्रवार, ३० ऑगस्ट. त्रिएस्तेच्या पुढे, गाडीत

दार मिटायला लागलं तेव्हा मी पाय मध्ये घातला. सवयीनं. उर्श्का फलाटावरून धावत येत होती. एका हातात बुरेकची, चीज भरलेल्या पापुद्र्यांची तेलकट पिशवी, पाठीवर बॅग, आणि हसत होती. चढली, धापा टाकत म्हणाली, "तू आहेस म्हणून गं. नाहीतर मी ल्युब्ल्यानाच्या बाहेरसुद्धा पडले नसते."

पाय घालायला नको होता.

आता ती समोर बसून खातेय. मी लिहितेय. तिला वाटतंय प्रवासवर्णन. अक्षर हलतंय. गाडीत सगळ्यांचंच हलतं, म्हणून मला गाडीत लिहायला आवडतं.

एकदा नीट लिहून ठेवते. पुढं मन विरघळलं तर वाचता येईल.

पालेर्मोला मोझेक दुरुस्तीची कार्यशाळा आहे. वर्षभरासाठी एक जागा, राहणं-खाणं त्यांचं. आमच्या वर्गातून एकच नाव जाणार होतं, आणि ते माझं असणार हे सगळे धरून चालले होते. गेलं उर्श्काचं. मी तिचं अभिनंदनसुद्धा केलं, मनापासून. मग जूनमध्ये ते नाव पाठवणारे ह्रोवात सर जिन्यावर भेटले. फार मायेनं म्हणाले, "नेझा, हात कसा आहे आता?"

माझा उजवा हात कापतो. थोडासाच. थंडीत जास्त. घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस आता बोटं चाटतंय.

दगड बसवताना हात कापत नाही. चिमट्यात दगड आला की थांबतो. हेही तिला माहीत आहे. एवढं मात्र तिनं सरांना सांगितलेलं दिसत नाही.

येत्या गुरुवारी सकाळी नऊला तिची परीक्षा. तिथल्या मास्तरांसमोर बसून एका चेहऱ्याचा तुकडा जुळवायचा. उशीर झाला तर दार बंद, असं त्यांनीच कळवलंय. पहिल्या वर्षापासून ठरलेला आमचा रेल्वेप्रवास तिनं त्यालाच जोडून घेतला. "चल ना बरोबर. तू असलीस की मला धीर येतो."

मी हो म्हटलं.

नऊ वाजता ती तिथं पोचता कामा नये. कसं, ते अजून माहीत नाही.

शनिवार, ३१ ऑगस्ट. मेस्त्रे

व्हेनिसला राहणं आपल्यासारख्यांना जमत नाही, म्हणून पुलाच्या अलीकडे. आठ खाटांची खोली. वरची, एसीच्या तोंडाशी असलेली खाट तिला दिली. सकाळी शिंकतच उठली. म्हणते, "बरं झालं तू खाली झोपलीस. तुझ्या हाताला बाधली असती ही थंडी."

तिनं हाताचं नाव काढू नये.

दुपारी पाणबसच्या धक्क्यावर ही गर्दी. ती पुढं चढली, मी मागं राहिले. मुद्दाम. दोरी सुटली, बोट निघाली, ती कठड्यावरून हातवारे करत राहिली. आमचा एक नियम आहे. व्हिएन्नात एकदा चुकामूक झाली, तेव्हा मीच केला. चुकलो की शोधत फिरायचं नाही. गाडी जिथं संपते तिथं जायचं आणि घड्याळाखाली थांबायचं.

मी गेले नाही. पुलावर बसले, पाश्तेतचा, पावाला लावायच्या मटणाच्या लगद्याचा डबा उघडला, सावकाश पाव खाल्ला. तिचाही अर्धा पाव खाल्ला. ऊन कलल्यावर शेवटच्या थांब्यावर गेले. वाटलं, चिडून निघून गेली असेल. तर बसलेली. घड्याळ नव्हतं म्हणून तिकिटाच्या खिडकीखाली. नाक उन्हानं लाल.

"अगं, किती वेळ?"

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. "पाव आहे का?"

रविवार, १ सप्टेंबर. बोलोन्या

आज बरं वाटलं.

इथं दोन मनोरे आहेत. पदवी मिळायच्या आत जो विद्यार्थी उंच मनोऱ्यावर चढतो त्याला पदवी कधीच मिळत नाही, असं इथली मुलं मानतात. खाली उभी राहून एकमेकांना डिवचतात, पण चढत नाहीत. हॉस्टेलवरच्या मुलीनं मला सकाळीच बजावलं होतं. मी उर्श्काला म्हटलं, "वरून काय दिसतं म्हणे! तू जाऊन ये. माझा पाय दुखतोय."

गेली. मी खाली सावलीत बसून तिची एकेक पायरी घास चावल्यासारखी हळूहळू मोजत होते. खुळेपणा आहे, माहीत आहे. तरी बरं वाटलं.

घामानं निथळत उतरली. माझ्यापुढे फोन धरला. "तुला यायला जमलं नाही ना, म्हणून चारी बाजूंचे काढले."

लाल छपरं. चारी बाजूंना तीच.

सोमवार, २ सप्टेंबर. रोम

पाय सुजले. काहीही सुचलं नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर. रोम

कॉफी उभ्यानं प्यायची, बसलं की दर वाढतो. उर्श्का काउंटरवरून दोन कप घेऊन आली. माझा अर्धा. ती नेहमी माझा कप अर्धाच आणते, मग परत जाऊन उरलेला आणते. सांडू नये म्हणून. तीन वर्षं मला वाटायचं, असं माणूस मिळायला नशीब लागतं. आता वाटतं, रोज पारखून घेत होती. अजून कापतो का, किती कापतो.

मी आज तिला संधी दिली. पूर्ण दिली. म्हटलं, "उर्श्का, माझं नाव का गेलं नसेल गं?"

तिनं कपात पाहिलं. साखर आधीच विरघळली होती, तरी ढवळत राहिली.

"जाऊ दे ना. सरांचं काही खरं नसतं."

"तुला काही बोलले होते?"

"मला कशाला बोलतील?" आणि लगेच, "आज ते कारंजं बघायचं ना? चल, गर्दी व्हायच्या आत."

केसानं गळा कापायचा आणि वर कारंजं दाखवायचं.

आता मला वाईट वाटणार नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर. रोमच्या पुढे, गाडीत

सापडलं!

समोर सिन्योरा नुन्त्सिया बसल्या आहेत. मांडीवर तुळशीची कुंडी. व्हिलाला उतरणार. तिथं जमीन संपते आणि जहाज लागतं. उर्श्कानं त्यांना विचारलं, जहाजासाठी गाडी बदलायची का.

"कशाला? गाडीच जहाजात घालतात, पोरींनो. अख्खी मावत नाही म्हणून मधोमध तोडतात. दोन तुकडे, शेजारी शेजारी. पलीकडे निघालं की एक तुकडा पालेर्मोला, दुसरा सिराकुसाला."

"आणि चुकीच्या तुकड्यात बसलं तर?" मी विचारलं. आवाज साधा ठेवला.

"तर माणसाचा माझा नवरा होतो." त्यांनी कुंडी सावरली. "वर गेला आरांचिनी खायला. खाली येऊन दुसऱ्याच डब्यात घोरत पडला. मी पालेर्मोला, ते ध्यान सिराकुसाला. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यातला तेवढा एक दिवस सुखाचा."

उर्श्का हसून हसून माझ्या अंगावर पडली. मग म्हणाली, "पण चुकलं हे कळायचं कसं?"

"समुद्र बघायचा. पालेर्मोला जाताना समुद्र उजव्या हाताला, पार शेवटपर्यंत. डाव्या हाताला दिसला की समजायचं, नवऱ्याच्या गाडीत बसलो."

त्या हसताहेत. उर्श्का हसतेय. मीही हसले.

तिला गाडीत बसल्या बसल्या झोप लागते. कळेल तेव्हा अंधार पडलेला असेल. आणि उद्याची पहिली गाडी पालेर्मोला नऊच्या आत पोचत नाही. मी वेळापत्रकात पाहिलं.

बुधवार, जहाजावर

सिन्योरा उतरल्या. जाताना उर्श्काला तुळशीचा एक तुरा देऊन गेल्या. गाडी तोडली, पोटात घातली. वीज बंद झाली, डब्यांवरच्या पाट्या काळ्या पडल्या. मी म्हटलं, चोऱ्या होतात इथं, बॅगा घेऊन वर जाऊ. तिनं लगेच मानलं. जिना चढताना मागं वळून नीट पाहून घेतलं: आमचा पालेर्मोचा तुकडा डावीकडे, सिराकुसाचा उजवीकडे. डबे सगळे एकसारखे, तेच निळे पडदे.

डेकवर वारा. आरांचिनी म्हणजे भाताचे तळलेले गोळे, बाहेरून कडक, आत वाटाणे. एक घेऊन अर्धा अर्धा केला. तिनं मोठा अर्धा मला दिला. वाऱ्यानं माझा हात गार पडला होता. तिनं तो आपल्या दोन हातांत घेतला आणि चोळायला लागली, बोलता बोलता, बघत दुसरीकडे. काढून घ्यावासा वाटला. घेतला नाही.

"उद्या मला जमलं नाही तर?" ती म्हणाली.

"जमेल की."

"तुझ्यासारखं नाही जमत मला. तुला माहीत आहे."

"मग जातेस कशाला?"

वाऱ्यात तिला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

भोंगा झाला. खाली बोलावताहेत.

बुधवार, बेटावर, गाडीत

झालं.

जिना उतरलो. अंधार, डिझेलचा वास, लोकांची ढकलाढकल. मी तिला दंड धरून उजवीकडच्या डब्यात चढवलं. "हा काय आपला?" म्हणाली. म्हटलं, हाच. आपल्या जागा कुणीतरी घेतल्यात, इथं बस, रिकामं आहे. तिला खिडकी दिली. डोळे मिटतच होते तिचे. "पाणी घेऊन येते," म्हटलं.

"लवकर ये गं."

उतरले, मधल्या फटीतून पलीकडे गेले, डावीकडच्या डब्यात चढले. फोन बंद केला. गाडी जहाजातून निघाली, थोडी पुढंमागं झाली, थांबली, आणि मग सुटली.

कुणी काही बोललं नाही. कुणाला काही कळलं नाही. वाटलं होतं त्याहून सोपं होतं. उद्या सकाळी ती कुठल्यातरी फलाटावर उभी असेल आणि तिकडे दार बंद होईल. मी कार्यशाळेच्या दारासमोर उभी राहून ते बंद होताना बघणार आहे. म्हणून तर जातेय. मग तिचा फोन येईल, आणि मी मायेनं विचारीन, "उर्श्का, कशी आहेस आता?"

हात अगदी स्थिर आहे. गाडी हलते तेवढाच हलतो.

ऊन उतरतंय. लिंबाच्या बागा, भिंतींवर वाळत घातलेले कपडे. एक बोगदा, मग समुद्र. दुसरा बोगदा, परत समुद्र. खिडकीला अगदी चिकटून.

पलीकडच्या खिडकीत एक मोठा डोंगर आलाय. टोकावर धूर आहे.

समुद्र डाव्या हाताला आहे.

बुधवार, सिराकुसा

उठून दुसऱ्या बाजूला बसून पाहिलं. तरी डाव्याच हाताला होता.

वर गेलो पुढच्या जिन्यानं. उतरलो मागच्या. डावं ते उजवं झालं, उजवं ते डावं. मी माझ्या हातानं तिला पालेर्मोच्या डब्यात बसवलं, खिडकी दिली.

तिकीट तपासणारा म्हणाला, "पालेर्मो? आज नाही, बाई. आता शेवटपर्यंत या." शेवटपर्यंत आले.

स्टेशनवर घड्याळ आहे. मी त्याच्याखाली थांबले नाही. जवळच एक खाट मिळाली. खोलीत दोन डच मुली नकाशावर भांडताहेत. डावीकडे, नाही, उजवीकडे. मला हसू आलं आणि मग येईना.

ती आतापर्यंत पोचली असेल. आंघोळ करून, केस धुऊन, उद्याचे कपडे खुर्चीवर टाकून झोपली असेल. सकाळी नऊला बसेल. जमेलही. माझं बघून बघून शिकलेलं आहे सगळं. मला वर्षभर पत्रं लिहील, तुळशीची पानं घालून.

फोन सुरू केला नाही. तिचा तो काळजीचा आवाज ऐकायचा नाही.

परत जाईन. सरांना जाऊन सांगेन, दगड धरला की हात थांबतो. किंवा नाही सांगणार. तिला माफ करणार नाही एवढं नक्की.

गुरुवार, ५ सप्टेंबर. सिराकुसा

सकाळी परतीच्या गाडीसाठी स्टेशनवर गेले. उर्श्का घड्याळाखाली बॅगेवर बसली होती. काल मी गाडीत नाही, म्हणजे सिराकुसाच्या तुकड्यात असणार, हे कळल्यावर ती पहिल्याच स्टेशनावर उतरली, उलटी मेस्सिनाला आली, रात्र बाकावर काढली आणि पहिली गाडी धरून इथं आली. म्हणाली, "गाडी जिथं संपते तिथं. नियम तुझाच ना." मग म्हणाली, "फोन का बंद होता?" मी म्हटलं, बॅटरी.

नऊ वाजले तेव्हा आम्ही दोघीही तिथंच होतो. तिनं एकदा वर घड्याळाकडे पाहिलं. मग उठून दोन कप कॉफी घेऊन आली. माझा अर्धा.