जिन्यावरची वाळकी पानं

आई,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण उजवा हात प्लास्टरमध्ये आहे; डाव्याचाच गोड मानून घे.

गेल्या रविवारी आम्ही बागेत पानगळ बघायला गेलो. तुझ्या नातीने पिशवीभर वाळकी पानं गोळा केली, आम्ही खूप हसलो. घरी आल्यावर तिच्या बाबांचं डोकं फिरलं आणि त्यांनी दार माझ्या हातावर आपटलं.

दुसऱ्या दिवशी पोरीने सगळी पानं जिन्यावर पसरली. म्हणाली, "आता बाबा येताना आधी कळेल."

काल पानं वाजली. तिने कडी लावली, मी तवा उचलला. ते दारावर लाथा घालत राहिले, फळी फुटली, पण शेजारी धावले. पोलीस त्यांना घेऊन गेले.

तुझे गुडघे बरे आहेत ना? आम्ही दोघी येतोय. पोरगी विचारतेय, आजीच्या जिन्यावरही पानं पसरायची का?

तुझी,
अजून शाबूत असलेली लेक