उशिरा हसणारी

बाई, “पाण्याची बाटली भरायला अख्खी मधली सुट्टी लागत नाही,” असं तुम्ही म्हणाला होतात. विश्रांतवाडीच्या आपल्या शाळेत, नळापाशी. बाबांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही नागपूरकडून नुकतेच आलो होतो. मी “जेवून राहिली” म्हटलं की वर्गातल्या मुली हसायच्या. म्हणून डबा न उघडता मी नळाशी उभी. बाटली भरतेय, ओततेय, पुन्हा भरतेय. ते पाणी अजून कानात वाहतं. त्यात दुसरं काही ऐकू यायचं नाही, तेवढंच बरं वाटायचं.

कोण चिडवतं, ते तुम्ही विचारलंच नाहीत. स्वतःचा डबा घेऊन पायरीवर बसलात, मलाही बसवलंत. गवारीची भाजी होती. तुमची नजर मात्र वर्गाच्या खिडकीकडे, जिथून मुली आमच्याकडे बघून हसायच्या. मग एके दिवशी तिथल्याच एका मुलीला बोलावून आम्हा दोघींना कुंड्यांना पाणी घालायला लावलंत. हिलाच का, असं मी खूप नंतर विचारलं, तर म्हणालात, “ती सगळ्यांत उशिरा हसायची. आधी बाकीच्यांकडे बघायची, मग हसायची.” ती अजून माझी मैत्रीण आहे.

आता माझी मुलगी सातवीत आहे. शाळेतून आली की ओट्याशी उभी राहून सकाळच्या डब्यातली गार पोळी खाते. मी आयटीतली, दिवसभर मीटिंगांत. मला वाटलं, वाढतं वय, भूक लागत असेल. काल तिने फोन पुढे केला. ती वाचताना अडखळते, त्याची कुणीतरी नक्कल करून वर्गाच्या ग्रुपवर टाकलेली, आणि खाली वर्गातल्या मुलींचे हसरे पिवळे चेहरे. सगळे सारखे. कोण आधी कुणाकडे बघून हसलं, काही कळत नाही.

उद्या मी तिच्या शाळेत जाणार आहे. “नको ना आई, अजून चिडवतील,” म्हणते. आत्ता ती स्वयंपाकघरात बाटली भरतेय. नळ बराच वेळ चालू आहे.

तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, ठाऊक आहे. तुम्ही काय म्हणाल तेही ठाऊक आहे: तुला डोळे नाहीत का? आहेत, बाई, पण या वेळी त्यांचा भरवसा वाटत नाही. तरी विचारते. उद्या मधल्या सुट्टीत माझ्याबरोबर तिच्या वर्गाच्या खिडकीशी उभ्या राहाल? बोलू नका काही. त्यातली उशिरा हसणारी कोण, एवढंच दाखवा.