पंचवीस काडतुसांची पेटी

३ फेब्रु., सोम. सेंदाई
२५ पैकी १९ काडतुसं नापास. शेजारचे कान्नो-सान काडतूस बघतच नाहीत, तोंडावर नुसता अंगठा फिरवतात. तोंडाच्या सहा पाकळ्या आत दुमडून सपाट बसल्या पाहिजेत, मधे भोक नको. जरा खटकलं की "दामे", म्हणजे चालणार नाही, आणि काडतूस बाजूच्या डब्यात. एकोणीस वेळा दामे!
ते घर रिकामं करून मुलीकडे उरायासुला चाललेत. शनि. २२ ला भंगाराचा ट्रक. त्याआधी एक पेटी निर्दोष भरून दाखवली तर त्यांचं काडतुसं भरायचं प्रेस माझं, नाही तर ट्रकमधे. सध्या माझ्या स्वयंपाकघरात आहे. माझ्या ४१० बोअरच्या बंदुकीला असलं यंत्र पुन्हा मिळायचं नाही. सोडणार नाही.

६ फेब्रु., गुरु.
सगळी खोटीच भरतेय. दारू नाही, ती पेटवणारी टोपी नाही. कान्नो-साननी गेल्या वर्षी बंदूक आणि परवाना पोलिसांत परत केला, खरं काडतूस त्यांच्या हातात कसं देणार? छर्‍यांऐवजी साबुदाणा, घरात होताच. निखिल : "उपासाचं काडतूस!" नवरा आहे, हसणारच.
काडतुसांची वापरलेली नळकांडी साबणाने धुऊन बाल्कनीत ठेवली. ती काजळी बघवेना.

९ फेब्रु., रवि.
काल २२ मस्त सपाट बसली होती. आज सकाळी सगळी पुरीसारखी टम्म. स्क्रू आवळले, साचा पुसला, पुन्हा तेच. दोष प्रेसचा की माझ्या हाताचा?
निखिल म्हणे, "अगं, तयार विकत मिळतात की." मिळतात. मग?

१२ फेब्रु., बुध.
कान्नो-साननी एक काडतूस पकडीने उघडलं. आत चिकट गोळा.
"हे काय?"
"तापिओका..."
नळकांडी आतून ओलीच राहिली होती. साबुदाण्याने पाणी पिऊन पाकळ्या वर ढकलल्या. जन्मभर चतुर्थ्या केल्या आणि साबुदाणा फुगतो हे मला कळू नये! ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले, पण लाजच वाटली. धुणं बंद. आजपासून शिशाचे छर्रे.

१५ फेब्रु., शनि.
फुगणं थांबलं. आता मधे भोक, मोहरी जाईल एवढं. फार वेळा वापरलेल्या नळकांड्यांची तोंडं मऊ पडलीत. टाकायचं जिवावर आलं, तरी चाळीसेक काढून टाकली. उरलेल्यांतली १४ पास. अजून अकरा.

१८ फेब्रु., मंगळ.
आज चिडले. "तुम्ही एकदा करून दाखवा ना! नुसतं दामे दामे काय?"
त्यांनी हातातलं काडतूस खाली ठेवलं. मग म्हणाले, "मला येत नाही. तोंडं फुमिको बसवायची. मी फक्त उडवायचो."
फुमिको म्हणजे त्यांची बायको. चार वर्षं झाली जाऊन. म्हणजे इतकी वर्षं त्यांच्या हातात तयार काडतूसच आलं, आणि मी समजत होते मुद्दाम शिकवत नाहीत. फार वाईट वाटलं. उगाच तोंड सोडलं.
घरी येऊन एकटीच बसले. साच्याच्या धारा नळकांड्याच्या जुन्या घड्यांवरच धरायच्या. आधी अर्धवट दाबायचं, थांबायचं, मग पूर्ण. कोणी सांगितलं नाही, पण जमलं. सलग नऊ.

२० फेब्रु., गुरु.
पेटी घेऊन गेले. घरात खोकीच खोकी, जेमतेम बसायला जागा. अंगठा सुरू. पहिल्या सतरांना "हं." अठराव्यावर थांबले. पुन्हा फिरवला. पुन्हा.
"हे जरा डावीकडे वळलंय."
"तिचं असंच यायचं," म्हणाले, आणि खिशात टाकलं. पुढची सातही "हं."
"म्हणजे झालं?" मी विचारलं.
त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. "चोवीस आहेत."
खिशातलं परत मागायची माझी छाती नाही.
उद्या पंचविसावं घेऊन जाणार. तेही खिशात घातलं तर परवा, ट्रकच्या आधी, सव्विसावं.